नावं खरवडणारी तोमासा

तोमासा सिमार्राला वाचता येत नव्हतं, आणि या एका गुणावर तिचं अकरा वर्षं पोट चाललं. मी थट्टा करत नाहीये. कार्ताहेनातल्या आमच्या वस्तीत तेव्हा सात पिको होते, आणि सातही मालक तिच्या दारात यायचे ते ती अडाणी होती म्हणूनच.

पिकोला नुसता स्पीकर म्हणणारा माणूस आमच्या गल्लीत धड घरी जायचा नाही. दीड पुरुष उंच, पुढून झगझगीत रंगवलेला, आणि रविवारी दुपारी लावला की तीन घरं सोडून चौथ्या घरातली भांडी फळीवरून खाली यायची. प्रत्येक पिकोला नाव, चित्र आणि त्याच्यासाठी डोकी फोडून घेणारी माणसं असायची. आमचा ‘कांग्रेहो’, म्हणजे खेकडा. पुलापलीकडच्या मारिमोनचा ‘अल्मिरांते’, म्हणजे आरमाराचा सरदार. पण रंग कितीही चढवा, पिकोची खरी किंमत त्याच्या एका तबकडीवर ठरायची. जी दुसऱ्या कुणाकडेच नाही, अशी तबकडी. ती समुद्रापलीकडून, आफ्रिकेतून यायची आणि खलाशी ती कपड्यांत गुंडाळून आणायचे.

अशी तबकडी हाती आली की मालकाचं पहिलं काम म्हणजे मधला कागद खरवडून टाकणं. गाण्याचं नाव नको, गाणाऱ्याचं नको, काहीच नको. नाव राहिलं तर शेजारचा मालक पुढच्या बोटीवरच्या खलाशाला तेच लिहून देणार, आणि दोन महिन्यांत ते गाणं सगळ्या गावात. म्हणून नावच मारून टाकायचं. मग गल्लीतले लोक त्या गाण्याचं आपल्या मनाने बारसं करायचे.

खरवडणं दिसतं तेवढं सोपं नव्हतं. सुरी जरा घसरली की रेघांमध्ये घुसली, गाणं मेलं. पूर्वी हे काम एक न्हावी करायचा. त्याचा हात चांगला, पण त्याला वाचता यायचं, आणि वाचलेलं तो विकायचा. ते उघडकीला आल्यावर त्याच्याकडे कुणी दाढीलासुद्धा गळा देईना. तेव्हा कुणीतरी तोमासाचं नाव काढलं. ती बाजारात मासे साफ करायची. खवले असे काढायची की कातडीवर ओरखडा नाही. बोलायला कमी, कारण आमच्या जुन्या बायकांसारखी ती चिरूट उलटा ओढायची, पेटतं टोक तोंडात. तोंडात निखारा ठेवणारी बाई बडबडणार कधी? आणि वर तिला वाचता येत नाही. मालकांना देव पावला.

मी तिच्या भिंतीला भिंत लावून राहायचे, शाळेचे गणवेश शिवायचे. माझ्या मशीनवरून तिचं अंगण सगळं दिसायचं. ओलं फडकं कागदावर ठेवायचं, एक चिरूट संपेपर्यंत थांबायचं, मग बुटकी सुरी आडवी धरून आतून बाहेर. काम होईपर्यंत मालक समोर बसून राहायचा. निघालेला कागदाचा लगदा तिच्याच चुलीत, त्याच्या डोळ्यांसमोर. मी भिंतीवरून डोकावले तर मालक माझ्यावर खेकसायचे, कारण मला वाचता यायचं. शिकल्याचा मला आयुष्यात एवढा तोटा दुसरीकडे कुठे झाला नाही.

एकोणऐंशी साली आमच्या कांग्रेहोकडे ‘डोलखुर्ची’ होती. नाव अर्थात आम्हीच ठेवलेलं. त्यातली गिटार पुढे जायची, मागे यायची, पुढे जायची, आणि ऐकणाऱ्याचे कुल्ले त्याला न विचारता तेच करायचे. निकानोर ओबेसोने, म्हणजे कांग्रेहोच्या मालकाने, ती प्रथम तोमासाकडे आणली तेव्हा तिने आधी ऐकायला मागितली. असं ती कधी मागायची नाही.

ऐकून ती म्हणाली, “हे तर माझ्या बापाचं वाजवणं आहे.”

“तुझा बाप आफ्रिकेत कधी गेला होता, कोमाद्रे?” निकानोर हसला. त्याच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी तोमासाने हातावर धरलं होतं, त्यामुळे ती त्याची कोमाद्रे.

“तो आमच्या पालेंके गावाबाहेर साखर कारखान्यापलीकडे गेला नाही. पण कारखान्यात क्यूबाचे लोक कामाला होते. ऊस तोडायचा आणि संध्याकाळी त्यांच्यात बसून वाजवायचं, हेच त्याने जन्मभर केलं. ही चाल तीच आहे. फक्त हिला विजेची गिटार लागलीय.” मग तिने बोट वर केलं. “आणि ऐक, तो एन्गोम्बे म्हणाला. गाय म्हणतोय तो.”

“तुला काय कळतं त्यांचं बोलणं?”

“त्यांचं कसलं? माझी आजी गाईला हेच म्हणायची. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी पळून जाऊन आमचं पालेंके वसवलं, तिथे अजून म्हणतात.”

निकानोरने ते सोडून दिलं. त्याला गाईत रस नव्हता, मारिमोनला हरवण्यात होता. दर अकरा नोव्हेंबरला, कार्ताहेना स्वतंत्र झाल्याच्या सणाला, कांग्रेहो आणि अल्मिरांते समोरासमोर लागायचे. पंच वगैरे नाही. मैदानावरचे लोक ज्याच्यापुढे नाचायला जातील तो जिंकला. हरलेल्याने आपल्या पिकोचं रंगवलेलं तोंड वर्षभर चादरीखाली झाकून ठेवायचं. आमच्या खेकड्याने सलग दोन वर्षं चादर ओढली होती. मासळीवाल्या बायका आम्हाला बाजारात विचारायच्या, “काय गं, तुमच्या खेकड्याचं बाळंतपण झालं का?” असल्या बोलण्याला उत्तर नसतं, गाणं लागतं. ते आता आमच्याकडे होतं.

आणि जूनमध्ये निकानोरची सासू आली.

त्या बाईचा दोष नाही. निकानोर डोलखुर्ची गादीखाली लपवायचा, ही गोष्ट त्याने बायकोलासुद्धा सांगितली नव्हती. पलंगाच्या दोन फळ्यांमध्ये वीतभर फट. सासूबाई मोम्पोसहून नऊ तास बसने आलेल्या, देह भरभक्कम. त्या “हुश्श” करून बसल्या आणि खालून ‘टक्’ असा आवाज झाला. तबकडीचे दोन तुकडे.

एरवी काय, दुसरी मागवली असती. पण मागवणार कशी? नाव कुणाला माहीत होतं? ज्या खलाशाने आणली तो दुकानात ऐकून गठ्ठा उचलणारा, त्याला गठ्ठ्यातलं एक नाव आठवेना. आणि निकानोरने तर नावाकडे मुद्दाम पाहिलंच नव्हतं. दोन पेल्यांत आपली जीभ सैल होते हे त्याला पक्कं ठाऊक, म्हणून नकोच ते डोक्यात. एवढा शहाणपणा केला आणि स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला. असली चूक जगात फक्त पिकोवालेच करू शकतात. जगातलं सगळ्यात सुंदर गाणं आपल्याकडे आहे आणि त्याला हाक मारायची सोय नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तोमासाच्या अंगणात ते दोन तुकडे मांडीवर घेऊन बसला आणि एवढा सांड माणूस हुंदके देऊन रडला. मी मशीन थांबवलं. तोमासा उभी राहून बघत होती. मला आता कळतं की त्या वेळात ती काय तोलत होती. तेव्हा मला वाटलं, हिला त्याची दया येतेय.

शेवटी तिने तोंडातला चिरूट काढून विझवला आणि मला हाक मारली. “एदिल्मा, कागद आणि पेन्सिल घेऊन ये. आणि ये ती आत ये, भिंतीवरून नको.”

तिने पेन्सिल सुरीसारखी मुठीत धरली. आधी थाळी उपडी ठेवून एक गोल काढला. गोलात वर एक होडी, शीड, आणि वल्हं धरलेला माणूस. “हे नारिंगी होतं,” ती म्हणाली. “आमच्या खेकड्याच्या नांगीसारखं नारिंगी.” मग होडीखाली ती एकेक आकार मांडू लागली. तोंडाने पुटपुटत होती, “हा गळ. हे अंडं. ही तिपाई, एक पाय मोडलेली. पुन्हा अंडं. हा खांब, याच्या डोक्यावर माशी बसलीय.”

ती आकार काढत होती आणि कागदावर अक्षरं उमटत होती. वाकडीतिकडी, पण अक्षरं. दोन ओळी मोठ्या, एक बारीक, आणि कडेला पाच आकडे. एका ठिकाणी थांबली, डोळे मिटले, अंगठा हवेत खरवडल्यासारखा फिरवला, आणि पुढे गेली.

निकानोर आधी नाचायलाच लागला. तिच्या कपाळाचा मुका घेतला. मग एकदम थांबला, आणि त्याचा चेहरा उतरत गेलेला मी पाहिला.

“कोमाद्रे, तुला ही एकच आठवते, की आणखी?”

“सगळ्या.”

“सगळ्या म्हणजे?”

“हाताखालून गेल्या तेवढ्या. बघितल्याशिवाय खरवडायचं कसं? आणि बघितलेलं मला जात नाही, त्याला मी काय करू?”

“मारिमोनच्या पण?”

“हे बाहेर गेलं तर माझा धंदा बुडाला,” ती म्हणाली. “तरी दिलं. कारण ते गाणं माझ्या बापाचं आहे, आणि ते या गावात परत वाजलं नाही तर मला मरताना चुटपुट लागेल. तू आता तोंड मिटून राहा. जन्मात एकदा तरी.”

निकानोरने पोरीची शपथ घेतली. कागद विल्फ्रिदो नावाच्या खलाशाच्या हाती दिला. त्याची बोट आफ्रिकेला, मातादी बंदराला निघाली होती. आणि त्या आनंदात निकानोरने दोन पेले घेतले. अंधार पडायच्या आत सगळ्या वस्तीला कळलं.

त्यानंतरचे चार महिने मी विसरणार नाही. तिच्या दारात एक मालक फिरकला नाही. अकरा वर्षं ज्यांनी तिच्या अंगणात कॉफी ढोसली ते रस्ता ओलांडून पलीकडून जायचे. तिने कुणाचं एक अक्षर फोडलं नव्हतं. पण फोडू शकते, एवढ्यावर तिला चोर ठरवून मोकळे झाले. आंधळी होती तोवर देवी, डोळे आहेत म्हटल्यावर चेटकीण! ती पुन्हा बाजारात मासे साफ करायला उभी राहिली, साठाव्या वर्षी, उन्हात. तिथेही कुणीतरी बोलायचंच, “जपून गं, ही खवलेसुद्धा मोजून लक्षात ठेवते.” मी दोघींशी भांडले, एकीची वेणी ओढली. तोमासा म्हणाली, “कशाला? खरंच तर आहे. एकशे चाळीस होते.” आणि पुढचा मासा उचलला. पण घरी आल्यावर ती सुरी धुऊन फडक्यात गुंडाळून ठेवायची, कुणी तबकडी घेऊन येईल म्हणून, आणि कुणी यायचं नाही.

नोव्हेंबरच्या आठ तारखेला विल्फ्रिदो आला. काखेत तबकडी, नारिंगी, होडीवाली. आम्ही सगळे निकानोरच्या घरात कोंबलेलो.

“मातादीत दुकानदाराने कागद बघितला आणि पोट धरून हसला,” तो सांगू लागला. “म्हणतो, हे कुणा पोराने काढलंय? मी म्हटलं, पोरगं नाही, आजीबाई आहे, वाचता येत नाही तिला. तेव्हा त्याचं हसू गेलं. त्याने आतून तबकडी आणली, कागदाशेजारी ठेवली. एक आकडासुद्धा चुकला नव्हता, सेन्योरा तोमासा!”

“पैसे किती घेतले?” निकानोर.

“घेईना. म्हणाला, माझ्या मामाचं सगळं आयुष्य क्यूबाच्या तबकड्या ऐकून त्यांची नक्कल करण्यात गेलं. बोटींवरून यायच्या. स्पॅनिश एक शब्द कळायचा नाही, तरी छाती फोडून गायचा. आणि आता स्पॅनिश बोलणारे आमचं गाणं शोधत इथे आले? मामा असता तर त्याने मेजवानी दिली असती. शेवटी मीच माझ्याजवळची क्यूबाची एक तबकडी त्याला दिली. बदल्यात ही.”

तोमासाने तबकडी हातात घेतली, कागदावरून अंगठा फिरवला. “बापाला सांगायला हवं होतं,” म्हणाली, आणि डोळे पुसले. मग सुरी मागवली. तिने ती खरवडली, आम्हा सगळ्यांसमोर, चार महिन्यांनी पहिल्यांदा.

त्या वर्षी अकरा नोव्हेंबर रविवारीच आला. दुपारी तीनला मैदानावर एवढी माणसं की खाली टाकलेलं लिंबू जमिनीला लागलं नसतं. पोरं सणाच्या रीतीप्रमाणे पीठ मुठीमुठीने फेकत होती, सगळ्यांची तोंडं पांढरी. एका टोकाला खेकडा, दुसऱ्या टोकाला सरदार. पहिला तास अल्मिरांते पुढे होता, खोटं कशाला बोलू? त्याचं ‘सुरवंट’ नावाचं गाणं लागलं की आमच्या बाजूची माणसंसुद्धा पाय आपटायची.

मग मारिमोनला दुर्बुद्धी सुचली. जिंकत होता, गप्प बसायचं. पण नाही. त्याने माईक घेतला.

“लोकहो! खेकड्याकडे आज जे गाणं आहे ते कुणाच्या जोरावर, ठाऊक आहे ना? ती बघा बसलीय! सात पिकोंची गुपितं पोटात घेऊन बसलेली म्हातारी! का हो सेन्योरा, सगळं आठवतं म्हणे तुम्हाला? मग सांगा ना, माझ्या सुरवंटावर काय लिहिलं होतं? या, माईकवर सांगा! नाहीतर कबूल करा की सगळी थाप आहे.”

त्याला वाटलं, बाई लाजून घरी जाईल. तोमासा उठली. गर्दी आपोआप बाजूला झाली. ती चालत मैदान ओलांडून गेली, आणि मी मागून, कारण माझे पायच थांबेनात.

“सांग! सांग!” हजारभर माणसं टाळ्या वाजवून ओरडायला लागली. निकानोर आमच्या टोकावरून दोन्ही हात हलवत बोंबलत होता, “सांग कोमाद्रे! काप त्याचं नाक!” तिने सुरवंटाचं नाव घेतलं असतं तर मारिमोनची वर्षाची कमाई तिथल्या तिथे मातीत गेली असती, आणि आम्ही जिंकलो असतो. मारिमोनच्या चेहऱ्यावरचं हसू आता तसं राहिलं नव्हतं. आपण काय करून बसलो हे त्याला तेव्हा कुठे उमगलं.

तोमासाने चिरूट तोंडातून काढला, माईक घेतला.

“निकानोर, ओरडू नकोस. आज याचं सांगितलं तर उद्या तुझं सांगेन.” गर्दी थोडी शांत झाली. “मारिमोन, तुझ्या एकोणीस रेकॉर्ड माझ्या हाताखालून गेल्या. सुरवंटावर चार ओळी होत्या. तिसऱ्या ओळीत एक आकार उलटा छापलेला. तुला तरी आठवतं का?”

मारिमोन पांढराफटक. पिठाने नव्हे.

“आठवतं,” तो हळू म्हणाला, पण माईक जवळ होता, सगळ्यांना ऐकू गेलं.

“मला पण आठवतं. बाकीचं माझ्या पोटात आहे. तिथेच राहील. आणि माझं पोट केवढं आहे ते सगळे बघतायत.”

जे हसू उसळलं, ज्या टाळ्या पडल्या, त्या बंदरात ऐकू गेल्या असतील. आणि निकानोर गाढव असला तरी पिकोवाला होता, वेळ त्याला कळायची. त्याने त्याच टाळ्यांवर सुई टेकवली.

डोलखुर्ची लागली. गिटार पुढे गेली, मागे आली. तोमासा मैदानाच्या मध्यावर पोचली होती, परत येता येता. ती थांबली. तिला नाचताना आम्ही कुणी कधी पाहिलं नव्हतं. तिने झग्याचा घोळ एका हाताने उचलला आणि जागच्या जागी, तळवे जमिनीवरून न उचलता, जुन्या पालेंकेच्या पद्धतीने ती नाचायला लागली. पहिल्यांदा मासळीवाल्या बायका तिच्याभोवती आल्या, त्याच, टोमणे मारणाऱ्या. मग पुलापलीकडची माणसं यायला लागली. दहा, पन्नास, मग मोजता येईना. ‘एन्गोम्बे’ आलं तेव्हा सगळं मैदान तो शब्द ओरडलं, अर्थ माहीत असो नसो. अल्मिरांतेपुढे फक्त मारिमोन आणि त्याचा भाऊ उभे राहिले होते, आणि खरं सांगते, भावाचाही पाय हलत होता. मी रडत होते आणि नाचत होते. लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

मंगळवारी सकाळी मी काजं करत होते. तोमासाच्या दारात मारिमोन उभा. एकटा. छातीशी कागदात गुंडाळलेलं काहीतरी.

“चादर टाकली का सरदारावर?” तोमासाने विचारलं.

“टाकली.” तो आत येऊन बसला. टोपी काढली. “सेन्योरा, एवढी माणसं ओरडत होती. तुमच्या जागी मी असतो तर बोललो असतो. रात्रभर हाच विचार करतोय. मी नक्की बोललो असतो.” त्याने गुंडाळी सोडली. नवीकोरी तबकडी, हिरव्या कागदाची. “परवाच्या बोटीने आली. मी सोडून कुणी बघितली नाही.”

तोमासाने फडकं ओलं केलं, पण कागदावर ठेवलं नाही. ती बराच वेळ त्या आकारांकडे बघत राहिली.

“एक मागू का?” ती म्हणाली. “अकरा वर्षं मी गळ बघतेय, अंडी बघतेय, तिपाया बघतेय. कशाला काय म्हणतात ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. खरवडायच्या आधी एकदा वाचून दाखव.”

मारिमोनने भिंतीकडे पाहिलं. मी तिथेच होते, हातात सुईदोरा. त्याने मला हाकललं नाही. तो उठला, तिच्या खुर्चीजवळ गुडघ्यावर बसला, बोट त्या हिरव्या कागदावर एकेका अक्षराखाली सरकवत त्याने तिच्या कानात ते नाव सांगितलं. तिने ते ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून बघितलं. मग परत एकदा. लहान मुलीसारखी हसली.

त्यानंतर ती चौदा वर्षं जगली, आणि शेवटपर्यंत प्रत्येक मालकाने आधी कानात वाचून दाखवलं, मगच सुरी लागली. ते हिरव्या कागदावरचं नाव काय होतं, हे मी तिला शंभर वेळा विचारलं असेल. शेवटच्या आजारपणात, सूप भरवतानाही विचारलं. ती म्हणाली, “मारिमोनला विचार,” आणि तोंड मिटलं.